आडवी बाटली आणि ‘सिंहासन’

२०२४च्या ऑक्टोबरात ताईने सॅन होजेहून एक फोटो पाठवला. ताई म्हणजे माझी आतेबहीण. खूप वर्षांपूर्वी तिकडे गेली, आता तिकडची नागरिक आहे. फोटोत डायनिंग टेबल, चहाचा कप आणि टपालाने घरी आलेली मतपत्रिका. खाली मेसेज : ‘दोन तास झाले, अजून निम्मंच झालंय.’ मला वाटलं थट्टा करतेय. मग तिने पुढचे फोटो टाकले. राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटर निवडून झाले की खाली कॅलिफोर्नियाचे दहा प्रश्न सुरू होत होते. किमान वेतन तासाला १८ डॉलर करायचं का? घरभाड्यावर नियंत्रण आणायची जास्त मुभा शहरांना द्यायची का? शाळांच्या इमारतींसाठी कर्ज काढायचं का? प्रत्येकापुढे हो आणि नाही. सोबत सरकारने छापलेली जाडजूड पुस्तिका : हा कायदा झाला तर तिजोरीवर किती भार पडेल, बाजूने कोण काय म्हणतं, विरोधात कोण काय म्हणतं.

त्यानंतर महिनाभरात, २० नोव्हेंबरला, मी शिक्रापूरला मतदान केलं. रांगेत चाळीस मिनिटं, आत गेल्यावर चाळीस सेकंद. एक बटण, एक लांब बीप, काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी. बाहेर येऊन शाईच्या बोटाचा फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये नेहमीसारखी अडकले. क्लच सोडत-दाबत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती : मला आज ‘कोण’ एवढंच विचारलं गेलं. ‘काय’ कुणीच विचारलं नाही. आणि मला आठवतं तेवढ्यात, आमच्या घरात एका मावशीचा अपवाद सोडला तर, कुणालाच कधी विचारलेलं नाही.

त्या आठवड्यात मी ‘सिंहासन’ पुन्हा पाहिला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, साल १९७९. राजकारणावरचा मराठीतला सर्वांत चांगला सिनेमा कोणता असं विचारलं तर बहुतेक जण हेच नाव घेतात. मीही घेईन. एका निनावी फोनने मुख्यमंत्र्यांना कळतं की मंत्रिमंडळातच कट शिजतोय, आणि तिथून तो सिनेमा जो पकड घेतो तो सोडत नाही. अरुण सरनाईकांचे जिवाजीराव आणि डॉ. लागूंचे विश्वासराव दाभाडे एकमेकांकडे बघून हसतात तेव्हा तापमान दोन अंशांनी उतरतं.

पण या वेळी मी एक वेगळीच गोष्ट शोधत बसले होते : या सिनेमात मतदार कुठे आहे? तो जवळजवळ नाहीच. आमदार आहेत, कामगार पुढारी आहे, स्मगलर आहेत, पत्रकार आहे. जनता आहे ती झोपडपट्टीत, मोर्च्यात, पार्श्वभूमीला. तिच्या दुःखाकडे सिनेमा कळवळून पाहतो, पण तिला काही ठरवायचं असेल, तिचं काही मत असेल, ही शक्यताच त्याच्या जगात नाही. सगळी माहिती फक्त दिगू टिपणीसकडे आहे, आणि शेवटी तो रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांचं ते हसणं थोर आहे, वाद नाही. पण नीट पाहिलं तर त्या हसण्यात आपल्यालाही एक सोय आहे. सगळं सडलंय, आपल्याला कळलंय, आपण काही करू शकत नाही, चला हसू. गेली पंचेचाळीस वर्षं मराठी सुशिक्षित माणूस निवडणुकीच्या रात्री हेच हसतोय. हल्ली त्याला मीम म्हणतात.

हा साधूंचा किंवा तेंडुलकरांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. सत्तेच्या आतल्या खोलीचं चित्र काढायचं त्यांनी ठरवलं आणि ते काढलं. माझी तक्रार त्यांच्यानंतरच्या आपल्याबद्दल आहे. ‘सिंहासन’ हा एका खोलीचा नकाशा होता, आपण तो अख्ख्या घराचा समजलो. नंतर मी जे राजकीय मराठी सिनेमे पाहिले, ज्या कादंबऱ्या वाचल्या, त्यांतल्या बहुतेकांत निवडणूक म्हणजे दोन गट, एक पैशांची बॅग, एक गद्दार आणि एक हताश कार्यकर्ता. कोण जिंकणार एवढंच कथानक. लोकांपुढे एखादा प्रश्न आहे आणि त्यावर घरातच फूट पडलीये, असं काही माझ्या वाचनात आलं नाही.

अपवादाच्या सगळ्यांत जवळ जातो तो ‘देऊळ’. २०११चा, उमेश कुलकर्णीचा सिनेमा. केशाला उंबराखाली दत्त दिसतो आणि गाव हलतं. एका बाजूला अण्णांचा दवाखान्याचा आराखडा, दुसऱ्या बाजूला दत्ताचं देऊळ. ही खरं तर सरळ मतपत्रिका आहे : दवाखाना की देऊळ? सिनेमाचं शहाणपण यात आहे की हा प्रश्न कुणी गावापुढे ठेवतच नाही. भाऊ आधी दवाखान्याच्या बाजूने असतात, मग वारं बघतात, मग फिरतात. निर्णय होत नाही, तो होऊन बसतो. दुकानं लागतात, गाणी वाजतात, पोस्टरं चढतात. शेवटी केशा मूर्तीच उचलून नेतो आणि गाव शांतपणे दुसरी मूर्ती बसवतं. माझ्या मते ‘देऊळ’ हा श्रद्धेवरचा सिनेमा म्हणून जितका गाजला, तितका न विचारलेल्या प्रश्नावरचा सिनेमा म्हणून वाचला गेला नाही. पण त्यालाही गावाचं उत्तर आधीच माहीत आहे. विचारलं असतं तरी देऊळच म्हणाले असते, असा एक थकलेला सूर त्यात आहे. मला तेवढी खात्री नाही. त्याचं कारण गोवा.

१६ जानेवारी १९६७. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं, हे तिथल्या मतदारांना विचारलं गेलं. त्यासाठी संसदेने डिसेंबर १९६६मध्ये खास कायदा केला. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून दयानंद बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती : विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. महाराष्ट्र हरला.

शाळेत हे मला कुणी शिकवलं नाही. संयुक्त महाराष्ट्राचा धडा होता, १०५ हुतात्मे होते (पुढे ती संख्या १०६ झाली), मंगलकलश होता; हा पराभव नव्हता. गोव्यात १६ जानेवारी आजही ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे ती तारीख म्हणजे संक्रांतीनंतरचा दुसरा-तिसरा दिवस.

पण खरी गंमत पुढे आहे. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७मध्ये, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि ३०पैकी १६ जागा जिंकून बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. ज्या पक्षाचा जन्मच विलीनीकरणाच्या मागणीतून झाला तो पक्ष! म्हणजे तिथले बरेच मतदार जानेवारीत म्हणाले, भाऊ, तुमचा हा मुद्दा नको. आणि मार्चमध्ये म्हणाले, पण भाऊ, तुम्ही हवेत. बहुजन समाजासाठी, गावोगावच्या शाळांसाठी, कुळांसाठी त्यांना बांदोडकर हवे होते. मुंबईच्या सचिवालयातून चालणारा कारभार नको होता. माणूस आणि मुद्दा त्यांनी चाकूने कापल्यासारखे वेगळे केले. लोकांना एवढं बारीक कळत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोन निकाल शेजारी-शेजारी ठेवून बघावेत.

आणखी एक गोष्ट मला साहित्य म्हणून फार महत्त्वाची वाटते. विलीनीकरणाच्या विरोधातला एक धारदार आवाज मराठीतच उमटत होता. ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. महाराष्ट्रात जाऊ नका, हे लोकांना पटवायला मराठी वापरली गेली, कारण वाचणारा मराठी वाचत होता. भाषा आपली आहे म्हणून राज्यही तुमचंच असं नाही, हे मराठीत लिहिलं गेलं. यावर एक मोठी मराठी कादंबरी व्हायला हवी होती. एका घरात फूल आणि दोन पानं, सासरा आणि सून, देवळातली आरती मराठीत आणि भांडण कोंकणीत. ती मला अजून सापडलेली नाही.

आता २०२४कडे. आपल्या निवडणुकीत मुद्दे नव्हते असं नाही. लाडकी बहीण होती : जुलैपासून महिन्याला १५०० रुपये, सत्ताधाऱ्यांचं २१००चं आश्वासन, विरोधकांचं ३०००चं. पण प्रत्येक मुद्दा माणसाला चिकटवून आला. योजना हवी तर उमेदवार घ्या, पक्ष घ्या, फुटलेला पक्ष घ्या, त्याचं फुटणंही घ्या. एकाच पाकिटात सगळं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. एखादं लहान फीचर हवं म्हणून अख्खं पॅकेज इन्स्टॉल करायचं आणि सोबत काय काय आत आलं ते वर्षभराने कळायचं. कुणी ‘योजना हो, उमेदवार नाही’ म्हणाला तर त्याचं मत नोंदवायला मशीनवर जागा नाही. नोटा आहे, पण नोटा म्हणजे तोंड फिरवणं. त्याने वाक्य पूर्ण होत नाही. निकालानंतर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने आपणच कागदी मतपत्रिका छापून गावापुरतं मतदान पुन्हा घ्यायचं ठरवलं, तर प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. त्यांचा मशीनवरचा संशय बरोबर की चूक यात मी शिरत नाही. मला तो कागदाचा हट्ट लक्षात राहिला.

इथवर वाचून कुणाला वाटेल, ही कॅलिफोर्नियाची आरती करतेय. नाही. ताईच्याच मतपत्रिकेवर सहावा प्रस्ताव होता : तुरुंगात शिक्षा म्हणून सक्तीने काम करून घेण्यावर बंदी. अधिकृत पुस्तिकेत विरोधी बाजूचा युक्तिवाद छापायला कुणी पाठवलाच नव्हता, ती जागा रिकामी. तरीही प्रस्ताव पडला. त्याच दिवशी शेजारच्या नेवाडात तसाच प्रस्ताव पास झाला. दोन मतपत्रिकांतला एक फरक डोळ्यांत भरतो : नेवाडाच्या प्रश्नात ‘गुलामगिरी’ हा शब्द होता, कॅलिफोर्नियाच्या प्रश्नात फक्त ‘अनैच्छिक दास्य’ अशा अर्थाचा कायदेशीर शब्द. निकाल केवळ त्यामुळे फिरला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ताईचा नवरा, जो मेकॅनिकल इंजिनिअर आहे, तो त्या ओळीवर दहा मिनिटं अडला होता हे मला माहीत आहे. प्रश्न कोण लिहितं, कुठल्या शब्दांत लिहितं, हे कवितेइतकंच बारकाईने वाचायला हवं. पैशांचं तर विचारूच नका. २०२०मध्ये आपले ड्रायव्हर कर्मचारी ठरू नयेत म्हणून उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरे कंपन्यांनी बाविसाव्या प्रस्तावावर २० कोटी डॉलरहून जास्त खर्च केले आणि तो पास करून घेतला. २००८मध्ये याच पद्धतीने समलिंगी विवाहावर बंदी आली. न्यायालयांमुळे ती पुढे लागू राहिली नाही, पण संविधानातली ती ओळ खोडायला २०२४ उजाडलं. म्हणजे बहुसंख्यांना असा प्रश्नही विचारता येतो, जो विचारण्याचा हक्कच कुणाला नसावा.

हे आपल्यापासून लांब नाही. पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने २०२५मध्ये कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव केला; प्रशासनाला तो थांबवावा लागला. आणि आमच्याच पट्ट्यात १ जानेवारी २०१८ला कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या रस्त्याने काय पाहिलं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. दुसऱ्या दिवशी कुणी घरोघर मतपत्रिका वाटली असती, तर त्यावर काय छापलेलं असतं आणि त्याला काय उत्तर मिळालं असतं, याचा विचार करायला मला आजही आवडत नाही. तेव्हा ‘लोकांना विचारा’ हे वाक्य मी सावकाश म्हणते.

तरीही म्हणते, कारण मावशी.

मावशीचं गाव घोडनदीच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही, दुकान अजून चालू आहे. महाराष्ट्रात एक नियम आहे, ज्याची खबर शहरातल्या माझ्या मित्रमैत्रिणींना जवळजवळ नसते. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की त्याची पडताळणी होते आणि गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का यावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद.

मतपत्रिका हा साहित्यप्रकार मानला तर या कागदाहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही. एकही अवघड शब्द नाही. उमेदवार नाही, जात नाही, पक्ष नाही. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळतं की तिने काय पाडायचंय. बाटली आडवी होते तेव्हा तिच्यासोबत आणखी कोण आडवं होतं, रोज रात्री तिच्या घरात कोण आडवं पडलेलं असतं, हा सगळा अर्थ त्या चित्रात न सांगता येतो. हे चित्र ज्याला किंवा जिला सुचलं, त्या व्यक्तीला साहित्य अकादमी द्यायला माझी हरकत नाही. शेजारच्या पारनेर तालुक्यात निघोजच्या बायकांनी याच कागदावर दुकानं बंद केली होती. मावशीने आणि तिच्या बचत गटाने ते ऐकलं आणि सह्या गोळा केल्या.

पण त्या सुंदर कागदामागे एक आकडा लपलेला आहे. दुकान बंद व्हायला आलेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत; यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. समजा यादीत १००० बाया आहेत. ६०० आल्या, ४९० म्हणाल्या आडवी, ११० म्हणाल्या उभी. दुकान चालू. न आलेल्या ४०० जणींनी काहीच म्हटलेलं नाही, पण सिस्टिमने त्यांचं मत उभ्या बाटलीत टाकलं. याला आम्ही डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतो, आणि डिफॉल्ट कोण ठरवतं यावर अर्धं जग चालतं.

हाच काटा गोव्याला लावून बघा. ३,८८,४३२ मतदारांचे निम्मे १,९४,२१६. जिंकलेल्या दोन पानांनाही तेवढी मतं नव्हती. २०२४ला महाराष्ट्रात साधारण ६६ टक्के मतदान झालं. यादीतल्या निम्म्या लोकांची मतं मिळवायची अट आमदारांना लावली, तर पडलेल्या मतांपैकी पाऊणएक मतं लागतील. विधानसभेत किती खुर्च्या भरतील ते तुम्हीच मोजा. एका प्रदेशाचं भवितव्य साध्या बहुमतावर ठरतं, सरकार साध्या बहुमतावर येतं, आणि चौकातलं एक दुकान बंद करायला मात्र गैरहजर बाईचीही संमती लागते. आडव्या बाटलीचा नियम करणाऱ्यांची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही. दारूतून राज्याला मोठा महसूल येतो एवढंच लक्षात आणून देते. मावशीला एका हाताने १५०० मिळतात. दुसऱ्या हाताने काय जातं त्याचा हिशोब तिच्याकडे आहे, पण त्यासाठी पोर्टल नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी सुट्टी टाकून गेले होते. बाया नव्या साड्या नेसून आल्या होत्या, लग्नाला आल्यासारख्या. दुकानदाराची माणसं रस्त्यापलीकडे मोटारसायकलींवर बसून कोण जातंय ते नुसतं बघत होती. बोलत काही नव्हती. दुपारनंतर रांग आटली. संध्याकाळी मोजणी झाली. आडव्याला उभ्याच्या कितीतरी पट मतं. आणि दुकान चालू.

मला वाटलं, मावशी रडेल. ती पायरीवर बसून चप्पल झटकत म्हणाली, “न आलेल्या समद्या उभ्या बाटलीकडं गेल्या गं. त्यातल्या निम्म्या तर हाईतच कुठं गावात?”

याच वाक्यावर मी अजून अडकले आहे. ‘सिंहासन’च्या शैलीत ही गोष्ट सांगायची तर दुकानदार आणि स्थानिक पुढारी यांच्यातला एखादा फोन दाखवावा लागेल, आणि एखादा हसत सुटलेला पत्रकार. तसा फोन झालाही असेल. पण त्या गावात त्या दिवशी बाया कटाने हरल्या नाहीत. त्या यादीने हरल्या. लग्न होऊन नांदायला गेलेल्या लेकी, कारखान्यावर गेलेल्या ऊसतोडीच्या बाया, पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या, आणि मेलेल्या. या सगळ्या जणी दुकान चालवत होत्या.

गेल्या महिन्यात मावशी आमच्याकडे शिक्रापूरला आली होती. जेवणं झाल्यावर म्हणाली, “ती यादी मोबाईलमदी निघती म्हणं, काढ बरं.” मी कॅप्चा भरून पीडीएफ उतरवली. शोधायला गेले तर सर्चच चालेना. पानंच्या पानं चित्र म्हणून साठवलेली. मी चिडले, एक स्क्रिप्ट लिहून अक्षरं काढता येतील का ते बघायला लॅपटॉप उघडला. मावशीने तोवर फोन हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि दोन बोटांनी नाव मोठं करत पहिल्यापासून वाचायला लागली. एकेक नाव, नवऱ्याचं नाव, वय. मधेच थांबायची, “ही गेली की गं औंदा,” म्हणायची, आणि माझ्या जुन्या डायरीत पेनाने एक आडवी रेघ मारायची.

रात्री साडेअकरापर्यंत तिची चार पानं झाली. माझी स्क्रिप्ट ‘बाई’चं ‘वाई’ वाचत होती.